रविवारचा फोन

"लेक आल्याबिगर उचलायची न्हाय," छबूबाई म्हणाली. "कन्हेरीत असं आजवर कुनी केलं न्हाय."

अंगणात तिरडी बांधून झाली होती. छबूबाईच्या वहिनीला, सरोजिनीला, हिरवी साडी नेसवली होती, कपाळभर कुंकू लावलं होतं. नशिबाची, सवाष्ण गेली, असं बायका म्हणत होत्या.

"ती यायची न्हाय," नीळकंठ म्हणाले. "उचला."

"कळवलं तरी का, दादा?"

नीळकंठांनी बहिणीकडं न बघता तिरडीला हात घातला.

लेक म्हणजे दिपाली. औषधांचं शिकायला लंडनला गेली आणि ते सोडून नाटकात शिरली. तिकडंच राहिली, तिकडचीच नागरिक झाली. मध्ये एकदाच येऊन गेली. तेव्हा तिनं बारामतीतून आईला बटणांचा मोबाईल आणला आणि त्यात स्वतःचा नंबर घालून दिला.

ती परत गेली आणि थोड्याच दिवसांत भवानीनगरला, नीळकंठ टाइमकीपर होते त्या साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये, कोणीतरी त्यांच्यापुढं एक फोटो धरला. नाटकातला होता. पलंगावर दिपाली, शेजारी एक उघडा गोरा.

"टाइमकीपर, पेढं कवा वाटताय? जावई तर घावला!"

सगळं कँटीन हसलं. नीळकंठ घरी आले, जेवले नाहीत.

"हितनं पुढं तिच्याशी एक शब्द बोललीस," ते बायकोला म्हणाले, "तर माझं मेलेलं तोंड बघशील."

सरोजिनीनं पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता.

पुढं काही महिने तो मोबाईल वाजायचा. सरोजिनी हातातलं काम टाकून त्याच्याकडं बघत राहायची, उचलायची नाही. मग तो वाजायचाही थांबला. नीळकंठांना वाटलं, मिटलं.

पण एका रविवारी गोठ्यामागून बायकोचा आवाज आला.

"परत मोलकरणीचंच काम? त्यांची भांडी घासाय गेलीस व्हय तितं? सांग त्यास्नी, माझ्या आईनं मला राणीवानी वाढवलंय म्हणावं."

कानाला मोबाईल लावून ती दगडावर बसली होती. नीळकंठ कडब्याच्या गंजीआड थांबले. जाऊन हिसकावून घ्यावा असं वाटलं, पण ते तिथंच ऐकत राहिले. शपथ मोडली होती आणि त्यांना काही झालं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. मायलेकी बोलतायत म्हणजे आपल्या हातून फार मोठं पाप झालेलं नाही.

तेव्हापासून रविवारी ते गंजीआड असायचेच. लेकीचं सगळं त्यांना तिथंच कळलं.

"राणीचं काम! मुकुट खरा व्हता का पत्र्याचा? आन् एवढं बोलायचं तुझ्या ध्यानात कसं ऱ्हातं गं? मला आरतीचं दुसरं कडवं येत न्हाय."

पुढं कधीतरी, "शिनेमात डॉक्टरीण? बघ बाई, तुझ्या बापाला डॉक्टरीणच पायजे व्हती."

नीळकंठांनी उपरणं तोंडाला लावून हसू दाबलं होतं.

एकदा वादळात टॉवर पडला. अख्ख्या कन्हेरीत रेंज नव्हती, पण सरोजिनी त्या रविवारीही बोलली. परदेशच्या फोनची रेंज वेगळी असेल, असं नीळकंठ समजले. बारामतीला भाजी घालायला गेले की ते तिच्या मोबाईलवर परदेशाचं रिचार्ज मारून यायचे. बायकोला सांगायचे नाहीत. बोलणं मध्येच तुटू नये, एवढंच.

शनिवारी संध्याकाळी शेजारची कॉलेजातली ओवी यायची. दोघी तिच्या मोबाईलला डोकं लावून बसायच्या, त्यातनं इंग्रजी बोलणं ऐकू यायचं. काहीतरी नवीन भाजी शिकत असतील, म्हणून नीळकंठांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सरोजिनी बोलता बोलता थांबली. तिनं गंजीकडं बघितलं.

"त्यांचं व्हय? राग न्हाय गं आता. लाज वाटती त्यास्नी. आज आसतील तर देऊ का?"

नुसता हात पुढं करायचा होता. नीळकंठ मागच्या मागं विहिरीकडं निघून गेले.

दहावा झाला, पाहुणे पांगले. छबूबाई मागं राहिली. चहाचा कप पुढं ठेवत ती म्हणाली, "पोरीला आई गेल्याचं कळवशील का न्हाय?"

"त्या दोघी बोलत व्हत्या," नीळकंठ म्हणाले. "दर रविवारी. मला ठावं व्हतं. मी आडून ऐकायचो."

छबूबाई ताडकन उठली.

"आरं, मग आज रविवार हाय! पोर तिकडं फोनची वाट बघत आसंल की. गेल्या रविवारीबी बघितली आसंल. काळीज हाय का दगूड, दादा?"

नीळकंठांनी फडताळातून मोबाईल काढला. पदरानं पुसून पुसून बटणांवरचे आकडे गेले होते. आत एकच नंबर होता. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं. पोरी, मी चुकलो. तुझी आई गेली आन् मी तुला सांगितलं न्हाय. तू ये. सगळ्या गावासमोर तुला घरात घेतो.

छबूबाईसमोर लाज वाटली, म्हणून ते गोठ्यामागं गेले. सरोजिनीच्या दगडावर बसले आणि बटण दाबलं.

बराच वेळ वाजल्यावर फोन उचलला गेला. पलीकडं कोणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता. नीळकंठ जुळवलेलं पहिलं वाक्य आठवू लागले.

"आई?" दिपालीचा आवाज आला. "आई, तूच ना? अगं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा फोन लावलास. आता तरी बोल की गं माझ्याशी."