'बीन'ची जागा

बाळांनो, समजा, तुमच्या गळ्यात दोरीने एक पुठ्ठा लटकतोय. त्यावर इंग्रजी क्रियापदाचा एक तुकडा लिहिलाय. शिट्टी वाजली की धावत जाऊन आपल्या जागी उभं राहायचं. आधी मदतनीस, तेही ठरलेल्या क्रमाने: 'माइट', मग 'हॅव', मग 'बीन'. मुख्य काम सांगणारं 'स्लीपिंग' सगळ्यांत शेवटी. चौघं नीट उभे राहिले की अर्थ तयार: कुणीतरी कदाचित झोपलेलं असेल.

एका वर्गात हाच खेळ चालला होता. 'बीन' ज्या मुलीच्या गळ्यात होतं, तिला वर्ग गोगलगाय म्हणायचा. तिचं सगळंच सावकाश. आज ती बरोबर उभी राहिली, तर शाळांच्या स्पर्धेला जाणाऱ्या चौघांत तिची जागा पक्की. चुकली, तर राखीव असलेली मिठू जाणार.

मिठू म्हणजे वर्गातली पोपटासारखं घडाघडा बोलणारी. निवडीच्या दिवशी नेमकी तापाने फणफणली आणि राखीव झाली. तिच्या आईने तर आत्यापासून मावशीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "आमची जाणार!" गोगलगाय मिठूच्याच इमारतीत राहायची. रोज दुपारी मिठूच तिला हे सगळं शिकवायची.

शिट्टी वाजली. गोगलगाय मिठूच्या बाकाजवळून निघाली.

"हॅवच्या आधी घुस," मिठू हळूच म्हणाली.

गोगलगाय थबकली. तिने मिठूकडे पाहिलं. मग मान डोलावली आणि 'हॅव'च्या पुढे जाऊन उभी राहिली.

वर्ग खो खो हसला. "गोगलगाय रस्ता चुकली!" कुणीतरी ओरडलं. 'हॅव'वाल्या मुलाने तिला कोपराने ढोसलं. "ए बाई, माझ्या मागे ये ना!"

"अगं, काल तर बरोबर आलं होतं तुला," बाई म्हणाल्या. "आज कुणाचं ऐकलंस?"

मिठूने बाकाची कड घट्ट धरली.

"कुणाचं नाही, बाई," गोगलगाय खाली बघत म्हणाली. "घाई झाली."

"तू आणि घाई?" मागून एकजण बोलला. पुन्हा हशा.

बाईंनी उसासा सोडला. "मिठू, चल, तू ये."

मिठू उठली. गोगलगायीने आपल्या गळ्यातला पुठ्ठा काढला, मिठूच्या गळ्यात घातला, दोरीत अडकलेली तिची वेणी हलकेच सोडवली. मग कानाशी वाकली.

"तूपण विसरलीस ना गं? असू दे. मी नाही सांगितलं कुणाला. पण आता नीट लक्षात ठेव हं, 'हॅव'च्या मागे. तुला नको हसायला कुणी."

आणि ती बाकावर जाऊन बसली. तिचा चेहरा अगदी मोकळा होता. तिच्या मनात मिठूबद्दल संशय आलाच नव्हता.

बाईंनी शिट्टी ओठांना लावली. मिठू जागची हलली नाही.

"बाई, तिला चुकीची जागा मी सांगितली."

"अस्सं! तुझाही गोंधळ झाला वाटतं?" बाई हसून म्हणाल्या.

गोगलगाय बाकावरून भराभर मान हलवत होती. हो म्हण, हो म्हण.

मिठूने पुठ्ठा गळ्यातून काढला.

"नाही, बाई. मुद्दाम."