जवळचा अँटेना

एका अवाढव्य इमारतीच्या छताला शेकडो अँटेना लावले होते, आणि कुणाचा फोन कुठल्या अँटेनाला जोडायचा ते ठरवणं हे त्याचं काम. काम घरूनच चालायचं. सकाळपासून हेडफोन कानाला होता आणि एकच तक्रार ऐकून कान किटले होते.

“अहो, अँटेना माझ्या डोक्यावर आहे. मग फोन तो सोडून लांबचा का पकडतो?”

“डोक्यावरच्या अँटेनाकडे गर्दी आहे, साहेब. जवळच्याला सवड नसली की फोन लांबच्या, पण मोकळ्या अँटेनाकडे जातो. त्यात फोनचं काही चुकत नाही.” हे पुराण लावून लावून त्याचा घसा बसला होता.

तेवढ्यात दुसऱ्या शहरात राहणाऱ्या बहिणीचा फोन आला.

“दादा, बाबांना उठून बसायचंय. जरा आधार देतोस का?”

“तुला तिथे बसून कसं कळलं?”

“त्यांनीच आत्ता फोन केला.”

पायाचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा शेजारच्याच खोलीत झोपून होते. तो तणतणत आत गेला.

“बाबा, मी इथे भिंतीपलीकडे बसलोय. एक हाक मारायची सोडून तिला कशाला फोन?”

बाबांनी त्याचा खांदा धरला, सावकाश उठून बसले, आणि दम खाऊन म्हणाले,



“मारली होती रे. दोनदा. तुझ्याकडे गर्दी होती.”