बसम्माची शेवरलेट

“गाडी हाय, पण ड्रायव्हर गावाकडं गेला घरचे बघायला,” संगमेश म्हणाला.

दिलशाद त्याच्या घराच्या फाटकातच उभी होती. निलंग्याच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. पहाटेच्या भूकंपानं सगळं निलंगा रस्त्यावर आणलं होतं. इथं भिंतींना भेगा गेल्या होत्या. पण किल्लारीकडून आलेला ट्रकवाला सांगत होता, तिकडं गावंच उरली नाहीत. दवाखान्याची जीप केव्हाच गेली होती. दिलशादच्या खांद्याला औषधांची पिशवी होती आणि जायला वाहन नव्हतं.

“मी चालवते,” संगमेशची आई बसम्मा म्हणाली.

“अव्वा, ती वरातीची गाडी हाय. तिकडं रस्ता तरी असंल का?”

बसम्मा किल्ली आणायला घरात गेली. भिंती भेगाळल्यात, आत जाऊ नको, असं संगमेश ओरडेपर्यंत ती बाहेरही आली.

शेवरलेट पत्र्याच्या शेडमध्ये होती. बावन्न सालची, अमेरिकन कंपनीची, मुंबईत जोडलेली. बसम्माच्या नवऱ्यानं, सिद्धेश्वरनं, ती घेतली आणि थोड्याच दिवसांत कंपनीनं मुंबईचा कारखाना बंद केला. लोक म्हणाले, आता ही भंगारात जाणार. सिद्धेश्वरनं सुट्या भागांसाठी हैदराबादचे बाजार पालथे घातले. मिळालं नाही ते लेथवर करून घेतलं. गाडी कधी बंद पडू दिली नाही. डोळे अधू झाले तेव्हा बायकोला माळावर नेऊन त्यानं गाडी शिकवली. तो गेल्यापासून बसम्मा ती शेतापर्यंत नेऊन आणायची. त्यापुढं ती कधी गेली नव्हती.

“मागचं शीट काढ,” ती संगमेशला म्हणाली. “लोकं आडवी घालावी लागतील.”

संगमेशनं एकदा आईकडं बघितलं. मग पाना घेऊन त्यानं शीट उपसून काढलं, खाली घरातल्या होत्या तेवढ्या वाकळा अंथरल्या आणि स्वतः कुदळ घेऊन शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर चढला.

गाडी पहिल्याच हाकेला सुरू झाली.

किल्लारीच्या अलीकडच्या एका गावाशी बसम्मा आणि दिलशाद पोचल्या तेव्हा उजाडलं होतं. गाव म्हणजे दगडमातीचा एक ढीग होता. माणसं हातांनी दगड उपसत होती. मोठ्यानं रडतही कुणी नव्हतं. चौघांनी सरजाबाई नावाच्या बाईला निखळलेल्या दारावर घालून आणलं. तिच्या पायावर तुळई पडली होती. तिच्या शेजारी तिचा सासरा भुजंग. त्याला वरून काही लागलेलं दिसत नव्हतं, फक्त श्वास लागला होता. दोघांना वाकळांवर निजवलं. मधल्या जागेत दिलशाद गुडघ्यांवर बसली.

“लातूर गाठा काकू. निलंग्यात ह्यांचं काही होणार न्हाई.”

पाऊस सुरू झाला. समोरून मदतीच्या गाड्या येत होत्या, बघ्यांच्याही येत होत्या. औशाच्या अलीकडं एका ओढ्याच्या पुलावर टेम्पो आडवा अडकला होता आणि दोन्ही बाजूंना रांग लागली होती. बसम्मानं खाली उतरून ओढा बघितला. तळ मुरमाचा होता, पाणी घोट्याच्या वर.

“उतरंल का काकू?”

“उतरंल. चढंल का ते बघू.”

तिनं स्टेअरिंगखालचा दांडा पहिल्या गियरला ओढला. गाडी हळू खाली गेली. पाणी दोन्ही बाजूंना फाकलं. इंजिनचा आवाज जड झाला, पण तुटला नाही. पलीकडच्या चढावर चाकं जागीच फिरली. रांगेतली माणसं धावत आली.

“सिद्धेश्वरअण्णांची शेवरलेट हाय ही!” एक जण ओरडला. “माझी वरात निघालती हिच्यातनं. लावा रे खांदा!”

चिखल उडवत गाडी वर चढली. बसम्मा मागं न बघता पुढं निघाली. खांदा लावणारे चिखलात माखून रस्त्यावर उभे राहिले, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत कुणी हललं नाही.

औसा मागं पडल्यावर दिलशाद पुढं झुकली. अगदी हळू म्हणाली, “काकू, थांबू नका.”

“भुजंगराव?”

“हाव.”

बसम्माचा पाय ब्रेककडं गेला होता. तिनं तो उचलून परत जागेवर ठेवला.

“मामा बोलंनात,” मागून सरजाबाई म्हणाली. “मामा, पाणी पाहिजे का?”

दिलशादनं तिचा हात धरला आणि लातूर येईपर्यंत सोडला नाही.

दवाखान्याच्या आवारात मिळेल तिथं जखमी ठेवले होते. दोघांना गाडीतून उतरवून घेतल्यावर एका तरुण डॉक्टरनं सरजाबाईला तपासलं. “पाय जाईल,” तो दिलशादला म्हणाला. “पण जगेल. तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.” मग त्यानं भुजंगच्या अंगावर चादर ओढली आणि गाडीकडं बघत विचारलं, “ड्रायव्हर कुठं गेला? गाडी बाजूला घ्यायला सांगा.”

“मीच हाय,” बसम्मा म्हणाली.

डॉक्टर तिच्या पांढऱ्या केसांकडं आणि चिखलानं भरलेल्या लुगड्याकडं बघत राहिला. त्यानं कुणाच्या तरी हातातला चहा घेऊन तिच्यापुढं धरला. बसम्मानं कप घेतला. चहा तिच्या हातांवर, लुगड्यावर सांडू लागला.

“काकू, तुम्ही बसा आता. हात बघा किती थरथर करून राहिलेत,” दिलशाद म्हणाली.

“स्टेअरिंग धरलं की थांबतात.”

तिनं उरलेला चहा घोटात संपवला आणि दार उघडलं. दिलशाद पळत जाऊन दुसऱ्या बाजूनं चढली. आत येणाऱ्या गाड्यांमधून वाट काढत शेवरलेट फाटकाबाहेर पडली आणि परत किल्लारीच्या रस्त्याला लागली. भर दिवसा तिचे दोन्ही दिवे लागलेले होते, आणि समोरून येणारे ट्रक एकामागून एक बाजूला होत होते.