काचेच्या आतलं दव

"आत पाणी शिरलंय." रेजीने मनगटावरून घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. "पन्नास मीटर खोल पाण्यातही काही होणार नाही, असं मागे कोरलंय. गॅरंटीचं वर्षही संपलेलं नाही. मला बदलून हवंय. परवा माझं कॅनडाचं विमान आहे."

मत्तायीचेट्टननी डोळ्याला भिंग लावलं. काचेला आतून बारीक दव धरलं होतं. सहाच्या आकड्यापाशी एक थेंब जमला होता. घड्याळ कलतं केलं की तो सरकायचा. तीस वर्षं ते या दुकानाच्या कोपऱ्यात बसून गावातली घड्याळं उघडत होते. रेजीची चेची, म्हणजे मोठी बहीण, सारम्मा पावती घेऊन मागे स्टुलावर बसली होती.

"पाणी कसं शिरलं ते फॉर्मात लिहावं लागतं," मत्तायीचेट्टन म्हणाले. "वापरत कोण होतं?"

"अप्पच्चन. आमचे वडील. गेल्या आठवड्यात वारले." रेजीने आवाज खाली आणला. "रोज हातात असायचं. आंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत. शेवटी शेवटी त्यांना कशाचं भान राहिलं नव्हतं हो."

सारम्माने मान वर केली. जायच्या आदल्या दिवशीसुद्धा अप्पच्चननी तिला पेपरातला रबराचा भाव दोनदा वाचून दाखवायला लावला होता, आणि दुसऱ्यांदा तिने चुकून जास्त सांगितला तेव्हा हसले होते.

मत्तायीचेट्टन टाचणीने घड्याळाच्या मागच्या खाचेतून काहीतरी कोरून काढत होते. पांढरं होतं. त्यांनी ते कागदावर झटकलं.

"ही पावडर कसली?"

"घामोळ्यांची," रेजी लगेच म्हणाला. "उकाडा किती आहे."

सारम्माने कागदावरची पावडर बघितली. दोन वर्षं अप्पच्चनच्या चादरी धुतल्या, पाठीवरच्या जखमा पुसल्या, तेव्हा तिला कधी किळस आली नव्हती. आत्ता आली. तिला चर्चमधला रेजी दिसला. अप्पच्चनच्या कपाळाचा शेवटचा मुका घ्यायला तो वाकला होता, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर होता, आणि खाली त्याची बोटं अप्पच्चनच्या मनगटावरचा पट्टा सोडवत होती.

"अप्पच्चनना आंघोळ मी घालत होते," ती म्हणाली. "हे घड्याळ त्यांच्या हातात कधीच नव्हतं. डब्यात होतं, कपाटात."

"चेची, तू गप्प बस."

"तीनच दिवस घातलं त्यांनी ते."

"कुठले तीन दिवस?" मत्तायीचेट्टननी विचारलं.

"याला तिकीट मिळेपर्यंतचे. बाहेरच्या खोलीत, बर्फाच्या पेटीत." तिने रेजीकडे बघितलंही नाही. "फोनवर म्हणाला, मी नाताळला दिलेलं घड्याळ त्यांच्या हातात घाल, व्हिडिओ तिकडे सगळे बघणार आहेत. मग सूट घातला, पावडर लावली आणि घड्याळही घातलं."

मत्तायीचेट्टननी भिंग काढून ठेवलं. फॉर्म परत खणात सरकवला.

"थंडीने आतली रबराची कडी आकसते," ते सावकाश म्हणाले. "मग पेटीतून बाहेर काढलं की आपली दमट हवा आत शिरते. या वर्षातलं हे पाचवं, बाळा. सगळ्यांची पोरं परदेशात, सगळ्यांना पेटी लागते. पण खरं कोणी सांगत नाही. सगळे आंघोळच सांगतात."

"म्हणजे बदलून मिळणार नाही?"

"नाही. सुकवून देतो. दहा मिनिटं बस."

त्यांनी मागचं झाकण उघडलं, घड्याळ दिव्याखाली ठेवलं. काचेवरचं दव कडेने विरत गेलं. थेंब सगळ्यात शेवटी गेला. त्यांनी नवी कडी बसवली, झाकण दाबलं, फडक्याने काच पुसली आणि घड्याळ रेजीपुढे धरलं. आता ते अगदी नवं दिसत होतं.

रेजीने हात पुढे केला नाही. चार दिवस हेच घड्याळ घालून तो फिरला होता. त्याने खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि डावं मनगट चोळायला लागला. लाल झालं तरी चोळत राहिला. दुकानभर त्याचा उग्र वास पसरला.

"चेची, ते तूच ठेव," तो म्हणाला. "सगळं तूच केलंस त्यांचं. तुला आठवण राहील."

सारम्मा उठली. मत्तायीचेट्टनच्या हातातून तिने घड्याळ घेतलं.

"हात दे."

"अगं, नको म्हणतोय ना मी."

"दे हात, रेजी."

मत्तायीचेट्टन बघत होते. दारातून आत आलेलं एक गिऱ्हाईकही बघत होतं. रेजीने हात दिला. तिने घड्याळ त्याच्या ओल्या मनगटावर ठेवलं, पट्टा ओढून बसवला आणि टोक बंदात नीट खोचलं, लहानपणी शाळेत जाताना त्याचे बूट बांधायची तसं.

"तुझंच आहे," ती म्हणाली. "अप्पच्चननी ते कधी घेतलंच नव्हतं."

रेजी आधी बाहेर पडला. गाडीपर्यंत तो चालत गेला तेव्हा त्याचा डावा हात अंगापासून लांब होता, शर्टाला लागणार नाही असा. दुसऱ्या कोणाचा हात धरून चालावं, तसा.