लाल रेघ खाली

"वर मूठ कशाला?" सुताराने पेन्सिल कानामागे खोचत विचारलं. "पेटी टेबलावरच राहणार ना?"

"असू दे हो बाबा. आणि हलकी करा," लेक म्हणाली.

लेकीच्या सिंथेसायझरचे, म्हणजे विजेवर वाजणाऱ्या वाद्याचे, अठरा मॉड्यूल टेबलावर उघडेवाघडे पडले होते; हे सुटे भाग एकत्र बसवायला तिला लाकडी पेटी हवी होती. सहा वर्षं हौसमौज मारून तिने एकेक जमवला होता.

त्याच टेबलाच्या खणातलं पत्र सुताराने चोरून वाचलं होतं. दूरच्या शहरातल्या संगीतशाळेने तिला वाद्यासकट बोलावलं होतं. तिने चकार शब्द काढला नव्हता. बायको गेल्यापासून घरात दोनच माणसं, त्यातलं एक निघालं. सुताराने पत्र होतं तसं घडी घालून खणात परत ठेवलं.

काम मात्र त्याने जीव ओतून केलं. लाकूड बायकोच्या कपाटाचं. समोरची बाजू तिरकी, मागे हवेसाठी भोकं, कडा घासून गुळगुळीत.

पेटी तयार झाल्यावर लेकीने मॉड्यूलला वीज पोचवणारी चपटी वायर धरून दाखवली. "ही लाल रेघ खाली हं. उलटी लागली तर चालू करताच मॉड्यूल जळून जाईल."

"लाल रेघ खाली," त्याने धडा म्हणून दाखवला. "जा तू कामावर. चाळीस वर्षांत माझं एक बिजागर उलटं लागलेलं नाही."

दुपारी त्याने अठरा वायरी लावल्या. मग खणातलं पत्र काढून पुन्हा एकदा वाचलं. शेवटी उठला, सगळ्या काढल्या, एकेक करून पुन्हा लावल्या आणि स्क्रू पक्के केले.

संध्याकाळी लेक आली. कपाटाचं लाकूड ओळखून तिचे डोळे भरले. तिने मूठ धरून पेटी उचलून पाहिली.

"जमतंय की! आता रोज हिला खाली तुमच्या कारखान्यात आणणार. तुम्ही रंधा मारा, मी वाजवते. दिवसभर एकटे कुढत असता नुसते."

"आणि... ते पत्र?"

"वाचलंत होय? त्यांना केव्हाच नाही म्हणून कळवलं. तुम्हाला सोडून कुठे जाऊ?"

बोलता बोलता तिने पिन लावली. सुताराने तिचा हात धरायच्या आत बटण खट्कन वाजलं.

अठराच्या अठरा लाल रेघा त्याने वर ठेवल्या होत्या.