देव्हाऱ्यातलं पाकीट

सगुणाबाईंनी गोळीला अंगारा लावला आणि ती धाकट्या सुनेच्या, राहीच्या तळहातावर ठेवली. राहीने ती पाण्याबरोबर गिळली. थोरली सून सुचिता भांडी आवरता आवरता बघत होती आणि आतल्या आत जळत होती.

लग्नाला आठ वर्षं झाली तरी सुचिताची कूस उजवली नव्हती. तिला कधी कुणी अलिबागला डॉक्टरकडे नेलं नाही. राही मात्र वर्षाच्या आत स्वतःच जाऊन आली आणि मूल राहायच्या गोळ्या दिल्यात म्हणाली. सासूला केवढं कौतुक! पाकिटं थेट देव्हाऱ्यात जाऊन बसली. पहाटे राही रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पळायला जायची, तेही डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणे. परत आली की सासू तिच्यापुढे गरम दूध ठेवायची.

सुचिताने एकदा सहज विचारल्यासारखं करून सगळं काढून घेतलं. पाळी आली की त्याच दिवशी पहिली गोळी, मग रोज रात्री एक. पण जावेकडे हात पसरणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मग सगुणाबाई नवस बोलायला हरिहरेश्वरला गेल्या आणि नेमकी त्याच दिवशी राहीची पाळी आली. पाळीत देव्हाऱ्याला शिवायचं नाही, हा घरचा नेम. नवं पाकीट तर तिथेच. राहीने दारातूनच ते सुचिताकडे मागितलं.

"न्हाय गं इथं," सुचिता म्हणाली. पाकीट तिच्या कमरेला खोचलेलं होतं.

राही रडवेली झाली. दुसरं पाकीट आणून गोळ्या सुरू करेपर्यंत बरेच दिवस गेले. सुचिताला जरा थंड वाटलं. पुढे तिची स्वतःची पाळी आली तेव्हा तिने अंगाऱ्याशिवायच, मनातल्या मनात हात जोडून, पहिली गोळी घेतली. मग एकही रात्र चुकवली नाही.

काही आठवड्यांनी राहीला उलट्या सुरू झाल्या. सगुणाबाईंनी आळीभर पेढे वाटले. मत्सराने सुचिताला जेवण जाईना. पण गोळी लागू पडते, हेही तिने पाहिलं होतं. आता आपला नंबर, असं ती स्वतःला समजावत होती.

संध्याकाळी राही तिला घरामागे, पेंढ्याच्या उडवीपाशी रडताना दिसली. पळायचे बूट मांडीवर घेऊन बसली होती.

"रडतेस कशाला? गोळ्यांचा गुण आला ना?" सुचिताने विचारलं.

"कसला गुण, ताई? पुढच्या महिन्यात पोलीस भरतीची धाव हाय. आईंना खोटं सांगितलं मी," राही म्हणाली. "त्या गोळ्या मूल राहू नये म्हणून होत्या."