सुटीचा टोल

बाई इंग्रजीचा धडा वाचत होत्या, तोही अडखळत. हेडमास्तरांकडे निघालेली मी वर्गाच्या दाराशीच थबकले. असल्या बाईंच्या वर्गातून माझ्या मुलीला काढा, हे ठणकावून सांगायला मी तणतणत आले होते.

तेवढ्यात बाई चुकल्या आणि मागच्या बाकावरून हात वर झाला. माझी हर्षाली! पाहुण्यांसमोर तोंडही न उघडणारी ही पोर उभी राहिली आणि तिने अख्खं वाक्य खणखणीत इंग्रजीत म्हटलं.

"पकडलंस मला!" बाई खुशीत हसल्या. "ठरलंय ना आपलं? माझी चूक पकडेल त्याने सुटीचा टोल द्यायचा. पळ!"

हर्षाली धावत सुटली. बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हर्षालीच्या आई ना? काही काम होतं?"

व्हरांड्यात टोल घणघणला.

"हाच ऐकायला आले होते," मी म्हणाले.